साखरसम्राटाची साखर

“तीनशे ब्याऐंशी!” चेअरमनसाहेब ओरडले आणि रक्तातली साखर मोजायचं ते इवलंसं यंत्र त्यांनी टेबलावर आदळलं. “दुर्पदे! आठ दिवस रोज सकाळी हेच! भाकरीत गूळ कालवतेस काय?”

दुर्पदा त्यांची स्वयंपाकीण. उलथनं हातात घेऊनच ती बाहेर आली. “गूळ कालवला असता तर साहेब, तुम्ही भाकरी पानात टाकली नसती.”

चेअरमन भुजंगराव म्हणजे तीन तालुक्यांचे साखरसम्राट. त्यांची चूक असणं कारखान्याच्या नियमातच बसत नव्हतं. तेव्हा ती दुर्पदाची ठरली.

“आत्ताच्या आत्ता माझी साखर निम्म्यावर आण! गोळी नाही, इंजेक्शन नाही, उपास नाही. नाही जमलं तर चूल सोड आणि चालू लाग!”

“आणि जमलं तर?”

“मागशील ते!” साहेब अगदी उदार झाले. जमणार नाही म्हटल्यावर उदार व्हायला काय जातंय?

दुर्पदाला या चुलीवाचून दुसरा आसरा नव्हता. तिनं सावकाश टेबल न्याहाळलं. यंत्राशेजारी साखरेच्या नमुन्याची पुडी उघडी होती. आठ दिवसांपूर्वी कारखान्यात उसाचं गाळप सुरू झालं, तेव्हापासून साहेब रोज सकाळी दाणा चिमटीत चोळून बघायचे, “वा!” म्हणायचे आणि त्याच बोटाला सुई टोचायचे.

“साहेब, आधी माझी मोजा. सुई तेवढी नवी लावा.”

आकडा आला अठ्ठ्याण्णव. मग दुर्पदानं पुडीतली साखर चिमटीत चोळली, झटकली आणि तेच बोट पुढं केलं.

“चारशे दहा!” साहेबांचे डोळे विस्फारले. “अगं, एवढ्यात खाल्लंस काय?”

“सकाळपासून तुमची बोलणी तेवढी खाल्ली. ती काही गोड नव्हती!”

मग तिनं साबण आणि तांब्या पुढं केला. साहेबांनी हात खळखळून धुतले, कोरडे पुसले. पुन्हा थेंब काढला. एकशे चाळीस!

“म्हणजे हे यंत्र खोटारडं?”

“छे! ते बिचारं इमानानं तुमच्या कारखान्याचा साखरेचा उतारा सांगत होतं. माणसं हात धुऊन एखाद्याच्या मागं लागतात, साहेब. तुम्ही तेवढे न धुताच माझ्या मागं लागलात!”

साहेब असे हसले, असे हसले, की खुर्ची करकरली. “माग, दुर्पदे!”

दुर्पदानं चुलीमागची खोली जन्मभरासाठी मागितली आणि साहेबांनी तिथल्या तिथं लिहून दिली.