राहीच्या उतारावरची गुळगुळीत जागा

जरा थांबा, चपला काढा. देवासाठी नाही, देऊळ वर राहिलं. पुढं उतार आहे आणि तो अनवाणी पायालाच कळतो. गावापासून खालच्या पाण्याच्या टाक्यापर्यंत गेलेला हा चुन्याचा कोबा पाहा. सगळ्या अंगावर बारीक खाचांचे छिन्नीचे टाचे आहेत, इतके दाट की भर पावसातही म्हातारी माणसं काठीशिवाय उतरतात. फक्त मध्यावर, त्या कण्हेरीपाशी, ताटाएवढी जागा गुळगुळीत आहे. ती चुकून राहिलेली नाही. लोक याला राहीचा उतार म्हणतात. मी त्याला आमच्या घराण्याचा अपराध म्हणतो, कारण तो करणारा भिवाजी गवंडी आमचाच पूर्वज.

फार जुनी गोष्ट, सिमेंट कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हाची. टाक्याची वाट निव्वळ चिखलाची होती, म्हणून गावानं ती बांधायची ठरवली आणि काम भिवाजीकडे आलं. तो काही साधासुधा गवंडी नव्हता, असं सांगतात. देशमुखांच्या सदरेची जमीन त्यानं अशी घोटली होती की पाहुणे पाय ठेवायला बिचकायचे. तेव्हापासून स्वारी जरा हवेतच असायची.

कोबा करायचा म्हणजे चुना, खडी आणि विटांची भुकटी कालवून अंथरायची आणि लाकडी थापीनं दिवसचे दिवस ठोकायची. वाटेचं काम असेल तर तिथंच थांबायचं. लाकूड थोडी खरखर ठेवून जातं आणि तीच पायाला धरून ठेवते. सदरेचं काम असेल तर पुढं लोखंडी करणी फिरवायची आणि गारगोटीच्या घोट्यानं आरसा होईपर्यंत घासत बसायचं. एवढं तर चुना कालवणाऱ्यालाही कळतं. भिवाजीला कळत नव्हतं असं थोडंच? पण टाक्यावर येणारा-जाणारा बघणार, वाखाणणार, या मोहापायी त्यानं उताराला करणी लावली आणि वर घोटाही फिरवला.

राही ही त्याची थोरली भावजय. त्याची आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला वाढवलं. ती भाकरी घेऊन आली आणि झालेल्या भागावर तिनं ओला पाय टेकवून पाहिला, म्हणे.

"भावजी, पाय ठरंना ह्याच्यावर. ही वाट हाय, सदर न्हवं. लाकडी थापीवरच सोडा की."

"वैनी, तुमी भाकरीचं बघा. कोब्याचं मी बघतो," भिवाजी म्हणाला.

वाट खुली झाली त्या दिवशी पहिलं पाणी वहिनीनंच आणावं, हा हट्टही त्याचाच. सगळा गाव वर उभा होता. राही डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन चढू लागली. घागर हिंदकळली, पाणी कोब्यावर सांडलं आणि कण्हेरीपाशी तिचा पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं.

लोक धावले. भिवाजीचा चेहरा पांढराफटक पडला होता. राहीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माजाच पाय वाकडा पडला."

तो गप्प राहिला. देवळाच्या मंडपाचं काम त्याला मिळायचं होतं आणि एका शब्दानं ते हातचं गेलं असतं. बायका मुकाट्यानं कडेच्या गवतातून जाऊ लागल्या, पण एवढ्या मोठ्या गवंड्याला बोलणार कोण? उलट राहीचाच धांदरटपणा घरोघर चघळला गेला. शेजारणी समाचाराला येऊन खाटेशी बसायच्या आणि तिलाच ऐकवायच्या, एवढा राजरस्ता करून दिला दिरानं आणि हिला नीट चालता येईना. राही ऐकून घ्यायची. भिवाजी दाराआड उभा राहून ऐकायचा आणि कामावर निघून जायचा.

असं चार महिने चाललं. मग राही गेली.

तेराव्याची पंगत बसली असताना भिवाजी उठून उभा राहिला. "वैनीचा पाय न्हाई चुकला," तो म्हणाला, "हात माजा चुकला." हातातले घास हातात राहिले. पण हे जिनं ऐकायला हवं होतं ती आता नव्हती. ही गोष्ट कितीदा सांगितली तरी इथं आलं की माझी मान खाली जाते. चार महिन्यांत एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही, याची मला आजही लाज वाटते.

मंडपाचं काम त्यानं सोडलं. छिन्नी-हातोडा घेऊन तो टाक्यापासून वर टाचे मारत निघाला आणि मदतीला कुणाला येऊ दिलं नाही. वर्ष लागलं, म्हणे. कण्हेरीपाशी पोचला तेव्हा मात्र तेवढी जागा त्यानं मुद्दाम सोडली. ती टाचली असती, तर पुढं कुणीही म्हटलं असतं की चांगल्या वाटेवर बाई पडली.

तेव्हापासून आमच्या गावात करणी आणि घोटा उंबऱ्याच्या आत, बाहेर फक्त लाकूड. आणि अंगणात, वाटेवर नवी जमीन झाली की मालकाआधी गवंडी ती ओली करून भरली घागर घेऊन तिच्यावरून अनवाणी चालतो. घसरला तर काम पुन्हा. मीही गवंडीच, दोनदा पडलोय, एकदा तर मालकाच्या नव्या सुनेसमोर. हसू नका.

आजही इथं येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही त्या गुळगुळीत जागेवर पाणी ओतून पाय ठेवायला लावतो. या, माझा हात घट्ट धरा. ठेवा पाय. सटकला ना? घाबरू नका, धरलंय मी. आता आमच्या रीतीप्रमाणे मला जे म्हणावं लागतं ते ऐकून घ्या. तुमचा पाय नाही चुकला. हात आमचा चुकला.