गडग्यावरची फुलं

एक होती आवडी, एक होती तिची आई, आणि गडग्यापलीकडे राहायची चुलत बहीण चंद्री. वाटणीत काळीभोर बाग गेली चंद्रीकडे, आवडीकडे आला नुसता मधला दगडी गडगा, धोंड्यांची बुटकी भिंत. आई वेण्या विकायची. आता फुलं नाहीत तर वेणी कशाची, नि वेणी नाही तर चूल कशी पेटायची?

एका सकाळी गडग्याच्या फटीत चिमुकल्या परीचे सोनेरी पंख अडकले. आवडीने ते अलगद सोडवले, वर फुंकर घातली.

"माग, काय हवं?"

"आईच्या वेणीला फुलं दे गं!"

परीने मूठभर बारीक बिया दिल्या. "हे भिंतीचं फूल. फटीत पेर, वर चिमूटभर माती घाल. शेणखत नको, पाणी नुसतं शिंपड. रोप वीतभर झालं की शेंडा खुड. पहिल्या वर्षी फूल मागू नकोस. आणि कुणी बी मागितलं तर नाही म्हणू नकोस."

परी उडाली तशी चंद्री धावत आली. "एकटीच घेणार होय गं? दे मला!"

आवडीने निम्म्या दिल्या. "शेण घालू नको हं."

"आली मोठी शिकवणारी! तुझे धोंडे बघ, माझी माती बघ!"

चंद्रीने शेण घातलं, घागरी ओतल्या. रोपं पिवळी पडून कुजली. गडग्यावर मात्र आवडीची रोपं हिरवीगार डुलत होती. चंद्रीला भाकरी गोड लागेना.

रोपं वीतभर झाली. पण आवडीचा हातच धजेना. "इवलाले शेंडे, कसे बाई खुडू?"

दुसऱ्या दिवशी पाहते तर सगळे शेंडे गायब! आवडी ओक्साबोक्शी रडली. पण थोड्याच दिवसांत एकेका खोडाला चार-चार फांद्या फुटल्या. पुढच्या वर्षी थंडी सरता सरता गडगा केशरी, पिवळा, लालचुटुक झाला. वास पार बाजारापर्यंत गेला!

परी आली. "शेंडे खुडलेस, गुणाची गं!"

"मी नाही खुडले."

पलीकडून चंद्री मुसमुसली. "मी खुडले. तुझी रोपं मरावीत म्हणून. मेली कुठे? दुप्पट फुलली मेली!"

परी खुदकन हसली. "आवडी, तू बी वाटलंस. अजून एक माग."

आवडीने चंद्रीकडे पाहिलं. "गडगा हिच्याही बाजूने फुलू दे."

लखलख उजेड पसरला नि परी त्यातच विरली. गडगा दोन्हीकडून बहरला तो सालोसाल. आईची चूल पुन्हा विझली नाही. चंद्रीही वेण्या करायला येते. मधूनच फुरंगटते, "तुझीच लांब झाली!" मग आवडी हसत आपल्या वेणीतली चार फुलं तिच्या वेणीत ओवते.