जायफळाचे सहा वेढे

नदीच्या वळणावर विणकरांचं एक गाव होतं. घरोघरी माग, आणि मागावर बसणाऱ्या बहुतेक लेकुरवाळ्या. म्हणून गावाने एक रीत पाडली होती. सगळी तान्ही बाळं एका पडवीत झोळ्यांमध्ये ठेवायची आणि रोज एकीने आपलं काम सोडून ती सांभाळायची. सकाळची गुटीही तिनेच उगाळायची. त्यात जायफळाचा वेढा एकच, जास्त नाही.

त्या गावात एक तरुण विणकरीण राहत होती. चार बुकं शिकलेली, त्यामुळे बाळ शिंकलं तरी तिला चार आजार आठवत. आई म्हणून आपण कुठेतरी कमी पडतोय ही धास्ती तिला दिवसभर असे, आणि ती लपवायला ती दुसरीच्या चुका काढी. सगळ्यात जास्त रंगारणीच्या.

रंगारीण सूत रंगवायची. तिचे हात कोपरापर्यंत निळे.

“अगं, तेच बोट बाळाच्या तोंडात घालतेस? एक दिवस रंग जाईल पोटात,” विणकरीण चारचौघींत म्हणायची.

“माझा कृष्णच आहे तो, आधीच निळा!” असं म्हणून रंगारीण हसायची.

एके दिवशी विणकरणीची पाळी आली आणि नेमका त्याच दिवशी लग्नाचा शालू सूर्य मावळायच्या आत द्यायचा होता. पदर अजून अर्धा बाकी होता.

रंगारणीने तिच्याकडे पाहिलं. “डोळे बघ तुझे, सुजलेत. आज मी बसू का पडवीत?”

“काही नको. माझं मी बघते,” विणकरीण म्हणाली. जिला रोज बोल लावले, तिच्यापुढे आज हात कसा पसरायचा?

बाया कामाला गेल्या. विणकरणीने सहाण घेतली. एक वेढा उगाळला. मग दुसरा. बाळं जरा गाढ झोपतील, एवढंच, असं स्वतःला सांगत तिने सहा वेढे उगाळले. बाळं झोपली. पडवीसमोरच्या आपल्या घरात ती मागावर बसली आणि पदर पुरा झाला.

दुपारी आया पाजायला आल्या. बाळं कुरकुरत, पेंगत उठली. रंगारणीचं मात्र उठेना. ते सगळ्यांत लहान होतं, अवघं तीन महिन्यांचं. हलवलं, हाका मारल्या, तरी मान लुळीच.

“रंगच गेला असणार पोटात! ही बिचारी कधीपासून सांगत होती,” एक म्हातारी विणकरणीकडे बोट दाखवून ओरडली.

रंगारणीने आपल्या हातांकडे पाहिलं. मग ती धावत रांजणापाशी गेली आणि मूठमूठ राख घेऊन हात घासू लागली. कातडी सोलली, रक्त आलं, तरी थांबेना. “माझ्याच हाताने... माझ्याच हाताने गं...”

आपण बोललो तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे विणकरणीला पक्कं ठाऊक होतं. ती गप्प राहिली.

वैद्यबुवा आले. “रंग असेल तर उलटी करवायला हवी. पण गुंगी असेल आणि मी उलटी करवली, तर पोराचा श्वास अडकेल. नक्की काय झालंय?”

“रंगच!” बाया म्हणाल्या. वैद्यबुवांनी औषधाची वाटी उचलली.

“थांबा!” विणकरीण किंचाळली. “रंग नाही. जायफळ. सहा वेढे. मी दिले.”

म्हातारी म्हणाली, “आणि तिला हात घासताना बघत उभी राहिलीस?”

वैद्यबुवांनी वाटी खाली ठेवली. बाळाला कुशीवर वळवलं, तळवे चोळले, ओल्या फडक्याने तोंड पुसत राहिले. उन्हं कलता कलता बाळाने डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. बायांनी तिथल्या तिथे ठरवलं, यापुढे विणकरणीला पडवीची पाळी नाही.

ती निघाली, तेवढ्यात रंगारणीने हाक मारली. सोललेल्या हातांनी तिला बाळ धरवत नव्हतं.

“पाज याला.”

“मी?”

“मी तुला माफ केलेलं नाही. पण त्याला भूक लागलीये.”

विणकरणीने बाळाला छातीशी घेतलं. ते विश्वासाने पिऊ लागलं, आणि कुठे बघावं हे तिला कळेना.

तात्पर्य: ‘आज मला झेपत नाही’ हे सांगायची लाज वाटून घेऊ नये, ती लपवायला गेलं की त्याहून मोठी लाज पदरात पडते, आणि तिची झळ आधी दुसरीच्याच लेकराला लागते.