हौसाबाईचे पाठीचे स्टूल

१९८४ साल होते. माघातली थंडी पडली होती. एका गावात केरबा नावाचा गवंडी राहत होता. हात चांगला, तोंड फटकळ. आपण बांधलेली भिंत कधी तिरकी गेली नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे.

त्याची बायको हौसाबाई. गावच्या वसतिगृहाला ती रोज साठ भाकऱ्या करून देई. पूर्वी चुलीपुढे बसून करायची. केरबाने तालुक्याच्या गावी उभा ओटा पाहिला आणि घरी तसाच बांधला. तेव्हापासून हौसाबाई उभी राहिली. सहा वर्षांत तिचा उजवा गुडघा सुजला. खाली बसले तर उठवेना, आणि साठ भाकऱ्या होईपर्यंत उभे राहवेना. भाकऱ्या उशिरा जाऊ लागल्या.

वसतिगृहाच्या गुरुजींचा निरोप आला, "होळीपर्यंत वाट बघतो. मग दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागेल. पोरं उपाशी शाळेत जातात."

हौसाबाईने पदराने डोळे टिपले. हे काम तिने स्वतः मिळवलेले होते. तेवढेच तिचे होते.

केरबा म्हणाला, "रडू नगंस. ओट्याला पुरंल असं उंच स्टूल करतो. मागं टेकायला पाठ, खाली पाय ठेवायला दांडी. बसून थाप भाकरी."

घरात बाभळीच्या फळ्या पडून होत्या. करवत आणि पटाशी त्याने शेजारच्या दौलत सुताराकडून आणली. दौलत म्हणाला, "केरबा, आधी वैनींना बसवून माप घे. गुडघ्यापासनं टाचेपर्यंत."

"तीस वरसं संसार केला. तिचं माप मला ठावं न्हाई व्हय?"

दौलत पुन्हा आपल्या कामाला लागला.

केरबा ओट्याशी सिमेंटच्या गोण्या रचून त्यांवर बसला. कुठवर हात पोचतो, कुठे पाय टेकतो, ते पाहिले. वितीने मोजले आणि करवत चालवली. बारा दिवस तो अंगणात राबला. येणारे-जाणारे थांबून बघत.

"केरबा, खुर्ची हाय का माचाण? भाकरीवरची पाखरं हाकायची का काय?"

"हसा. उद्या तुमची बायकू मागंल, तवा याल इचारत."

स्टूल देखणे झाले. हौसाबाई त्यावर चढून बसली. "लई झ्याक," म्हणाली. केरबा मान ताठ करून कामावर गेला.

पण भाकऱ्या उशिराच जात राहिल्या.

एकदा तो भिंतीची सरळ बघायचा ओळंबा विसरला म्हणून मधूनच घरी परतला. स्टूल कोपऱ्यात होते. ते धुतलेल्या फडक्याने झाकले होते. हौसाबाई एका पायावर उभी राहून, ओट्यावर पोट टेकून भाकरी थापत होती.

"बसली का न्हाईस?"

"बसते की," हौसाबाई म्हणाली. "तुमी घरात असता तवा बसते."

केरबा दारातच उभा राहिला. मग त्याने स्टूल ओढून आणले आणि तिला बसायला लावले. तिचे पाय दांडीपर्यंत पोचत नव्हते, लोंबकळत होते. बसायची फळी इतकी खोल होती की पाठ टेकायला मागे सरकले, तर हात परातीपर्यंत जात नव्हते.

"सांगितलं का न्हाईस?"

"बारा दिस राबलात. काय सांगू?"

भिंतीला दहादा दोरी लावणारा तो माणूस. त्याने खिशातून दोरी काढली आणि बायकोच्या पायाशी बसला. गुडघ्यापासून टाचेपर्यंत दोरी धरली आणि गाठ मारली. मांडीची लांबी धरली, दुसरी गाठ मारली. त्याच्या मापात आणि तिच्या मापात चार बोटांचा फरक होता.

सांधे खुंट्या मारून पक्के केले होते. उकलले तर लाकूड फुटले असते. नवेच करायला हवे होते, आणि फळ्या संपल्या होत्या. केरबा दौलतकडे गेला. त्या दारात जाणे त्याला सोपे नव्हते.

"फळ्या पायजेत. माझ्याकडं न्हाईत."

"ह्या बारीला कुणाचं माप आणलंस?"

केरबाने दोरी पुढे केली. "तिचं."

दौलतने दोन्ही गाठी पाहिल्या आणि सागाच्या दोन फळ्या काढून दिल्या. "पैसं नगंत. फळीला फळी आणून दे."

दुसरे स्टूल आठ दिवसांत झाले. हौसाबाई बसली. पाय दांडीवर टेकले, तिची पाठ स्टुलाच्या पाठीला लागली. तिने पीठ घेतले आणि थापायला लागली. साठावी भाकरी तव्यावरून उतरली, तेव्हा शाळेची घंटा व्हायला वेळ होता. होळी चार दिवसांवर होती.

पहिले स्टूल केरबाच्याच मापाचे होते. तो त्यावर बसून भाकऱ्या शेकू लागला. लोक हसले. त्याने हसू दिले.

वैशाखात एका घराच्या कामावर त्याने मजुरीऐवजी साग मागून घेतला. दोन फळ्या खांद्यावरून आणून दौलतच्या दारात ठेवल्या. दौलतने त्या आत नेल्या.

तात्पर्य: दुसऱ्यासाठी जे करायचे, ते त्याच्या मापाने करावे. आपल्या मापाने केलेली माया समोरच्याला उभेच ठेवते.