सोमवारची बोलणी

जनावरांचीही पंचायत बसायची, त्या काळची गोष्ट. अस्वलशेठच्या वीटभट्टीवर गाढवांना सुट्टी म्हणून ठाऊक नव्हती. पाठ सोलवटली तेव्हा भित्री गाढवीण भुरी सगळ्यांच्या वतीने पंचायतीपुढे आठवड्याला एक सुट्टी मागायला गेली. हत्तीमहाराजांनी फर्मावलं, "दर सोमवारी वडाखाली बोलणी. भट्टी बंद ठेवून सगळ्यांनी यायचं."

दर सोमवारी शेठ म्हणत, "बघू, विचार करू." महाराज म्हणत, "समिती नेमू." गाढवं सावलीत पाय पसरून माना डोलवत.

पावसाळा गेला, हिवाळा आला. भुरीची पाठ भरून आली. शेवटी शेठच कंटाळले. "चल भुरे, आठवड्याला अर्धा दिवस सुट्टी दिली. मिटवा एकदाचं."

भुरी दचकलीच. मग हळूच म्हणाली, "शेठ, एवढी घाई कशाला? पुढच्या सोमवारी बसू की परत."