दुसरी किल्ली

“आणि किल्ली घेऊन आत गेलेला माणूस परत आलाच नाही तर?” शलाकाने विचारलं.

“तर वाट बघायची,” दर्गा सांभाळणारे दाऊदबाबा म्हणाले.

“किती वेळ?”

“तो येईपर्यंत.”

शलाकाला हसू आलं. तिने ते लपवलंही नाही.

टेकडीवरच्या दर्ग्याशेजारी झऱ्याचा हौद होता. हौदापासून एक दगडी नळ जमिनीखालून खालच्या तीन वस्त्यांना पाणी नेई. माणूस वाकून आत जाईल एवढा तो रुंद होता. हौदाच्या तोंडाशी लोखंडी दार, दाराला कुलूप आणि कुलपाला एकच किल्ली. पाणी सोडायचं तरी तीच लागे; दार उघडलं की पाणी दारापुढे उघड्या असलेल्या नळाच्या तोंडात धावे. गाळ काढायला कुणी उतरला तर तो आधी दार बंद करी, किल्ली कमरेला बांधी आणि मगच नळात शिरे. तो बाहेर येईपर्यंत दार कुणालाच उघडता येत नसे.

शलाका पुण्याच्या एका कंपनीत होती. शेकडो संगणकांनी एकाच गोष्टीला एकाच वेळी हात घालू नये, याची व्यवस्था लावणं हे तिचं काम. मन थाऱ्यावर नाही म्हणून ती आठ दिवस दर्ग्यात राहायला आली होती. मन थाऱ्यावर नसलं तरी अक्कल मात्र सोबत आणली होती.

“आमच्याकडे मुदत असते, बाबा,” ती म्हणाली. “कुणी कुलूप लावून बसला आणि मुदतीत त्याचं उत्तर आलं नाही, तर तो मेला असं धरतात. दुसऱ्याला नवी किल्ली देतात. एकापायी सगळ्यांनी का अडून बसायचं?”

“आणि तो जिवंत असला तर?”

“असं क्वचित होतं.”

“क्वचित...” बाबा म्हणाले.

शलाकाने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि एक नवीकोरी किल्ली त्यांच्यापुढे धरली.

“काल तालुक्याच्या बाजारातून करून आणली. साबणावर ठसा घेतला होता.”

बाबांनी किल्ली हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

“चांगली आहे,” ते म्हणाले. “आज गाळ काढायचाय. मीच उतरतो. मला मुदत किती?”

“अर्धा तास पुरे.”

“आणि नाही आलो तर?”

शलाकाने हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

“तर... उघडायचं.”

“उघड,” बाबा म्हणाले. नळ रिकामा व्हावा म्हणून दार सकाळीच बंद केलेलं होतं. त्यांनी कुलूप ओढून पाहिलं, आपली किल्ली करगोट्याला बांधली, फावडं घेतलं आणि वाकून नळात शिरले. सत्तरीचे होते, पण वाकले झटकन.

पंधरा मिनिटं फावड्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

शलाकाने घड्याळात पाहिलं. विसावतायत, ती मनाशी म्हणाली.

खालच्या वस्तीतून ठकूबाई हंडा घेऊन वर आली. तिच्यामागे आणखी चौघी होत्या.

“ताई, सकाळधरनं थेंब न्हाई आला. बाबा कुठं हाईत?”

“आत आहेत. गाळ काढतायत.”

अर्धा तास झाला.

शलाकाने नळाच्या तोंडाशी वाकून हाक मारली. “बाबा!”

आतून काहीच आलं नाही.

ती धावत पुढच्या उसाशाकडे गेली. नळात हवा खेळावी म्हणून जमिनीत ठेवलेलं ते भोक. त्यात तोंड घालून ती पुन्हा ओरडली. “बाबा! ऐकू येतंय का?”

काही नाही.

“तुमच्या हातात किल्ली हाय की,” ठकूबाई म्हणाली. “मग उघडा ना. जनावरं पाण्याविना वरडायलीत.”

शलाका दाराजवळ येऊन उभी राहिली. दारामागे हौद काठोकाठ भरला होता. नियम तिचाच होता, मुदतही तिनेच दिली होती. म्हातारा आत मरून पडला असेल, किंवा वळणापलीकडे बसून दम खात असेल. इथून दोन्ही सारखंच होतं.

ती घाबरली. किल्ली हातून पडली आणि कुणी उचलली तर?

“द्या इकडं. मी उघडते,” ठकूबाईने हात पुढे केला.

शलाकाने किल्ली मुठीत घट्ट धरली. मग ती वाकली आणि किल्लीसकट नळात शिरली.

आत काळोख होता. गुडघ्यापर्यंत गार चिखल. दार बंद होतं, दोन्ही किल्ल्या आतच होत्या, तरी मागून पाणी येतंय असा भास तिला पावलोपावली होत होता. दोनदा ती वळून परत निघाली आणि दोनदा थांबली.

दुसऱ्या वळणावर तिचा हात कुणाच्या तरी खांद्यावर पडला. ती किंचाळली.

“हळू,” बाबा म्हणाले. “पाय अडकलाय. दगड सरकला.”

तिने चाचपडत तो दगड ढकलला. बाबांनी पाय ओढून घेतला. त्यांचा हात बर्फासारखा गार पडला होता.

“मी हाक मारली होती, बाबा...” शलाकाला रडू फुटलं. “ऐकू नाही आली?”

“आली ना. लगेच ओ दिली मी.”

“मला काहीच ऐकू आलं नाही.”

“हो,” बाबा म्हणाले. “तू दुसऱ्यांदा हाक मारलीस, तेव्हाच कळलं मला, माझी ओ वर पोचत नाही, आणि मुदत तर संपली. मग मी अखेरचा कलमा पढायला घेतला, पोरी.”