टिटवीच्या तळ्याचे नाव

मोहाच्या आणि बांबूच्या दाट जंगलात एक तळे होते आणि त्या तळ्याच्या काठी एक टिटवी राहत असे. दर हिवाळ्यात उत्तरेकडून करकोच्यांचे थवे येत आणि तळ्यावरून ओरडत पुढे निघून जात. एकदाही कोणी खाली उतरत नसे. एका वर्षी मात्र पंख दुखावलेला एक म्हातारा करकोचा कसाबसा काठावर टेकला. टिटवी धावतच त्याच्याकडे गेली. "आजोबा, आमच्या पाण्यात काही खोट आहे का हो?"

"पाणी गोड आहे गं," तो म्हणाला, "पण काठभर हे बेशरमीच्या झुडपांचं रान माजलंय. उतरायचं कुठे? आणि झुडपात कोण दबा धरून बसलंय, ते कळायचं कसं?"

झाले! त्या दिवसापासून टिटवीला चैन पडेना. रानडुकरांच्या मागे लागून तिने बेशरमीची झुडपे मुळासकट उपटून घेतली. गव्यांची विनवणी करून त्यांना रोज त्याच काठाने फिरायला लावले, तेव्हा त्यांच्या खुरांखाली चढउतार मोडून जागा सपाट झाली. राखणीचे काम तिने स्वतःकडे ठेवले. पुढच्या हिवाळ्यात म्हातारा सात जणांना घेऊन आला. आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात किती आले म्हणता, मुलांनो? आभाळ झाकून गेले! कोणाकडे बघू आणि कोणाकडे नको, असे टिटवीला होऊन गेले. ती नुसती या टोकापासून त्या टोकापर्यंत तुरुतुरु धावत होती.

ही गर्दी एका कोल्ह्याने पाहिली. उन्हाळ्यात वेचून सुकवलेली मोहाची फुले त्याने काठच्या खडकातल्या एका खळग्यात भिजत घातली. चार दिवसांत ती आंबली आणि उग्र वास सुटला. जो त्याला मासा आणून देईल, त्याला तो खळग्यात चोच बुडवू देई. "टिटवीताई," तो म्हणाला, "पाहुण्यांना नुसतं पाणी काय पाजतेस? थोडी गंमतही हवी ना!"

टिटवीला ते आवडले नाही. पण खळग्याची वार्ता पसरली तशा बदकांच्या आणि करकोच्यांच्या झुंडीच्या झुंडी येऊ लागल्या. एवढा गजबजाट तिने जन्मात पाहिला नव्हता. ती हरखली आणि गप्प बसली. नवे पाहुणे पाण्याकडे बघतही नसत. उतरल्या उतरल्या ते विचारत, "तो खळगा कुठे आहे?"

एके दिवशी भर दुपारी टिटवीला बांबूच्या बेटात रानमांजर दिसले. "टिटीव! टिटीव! उडा! उडा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. शुद्धीवर असलेले सगळे पक्षी भुर्रकन उडाले. म्हाताऱ्या करकोच्याचा नातू मात्र खळग्यापाशी झुलत उभा होता. "किती छान गातेस गं!" तो हसत म्हणाला. रानमांजराने झेप घेतली, त्याच क्षणी टिटवी सूर मारून थेट त्याच्या डोळ्यांवर आदळली. पंजाचा फटका बसून तिची पिसे उडाली, पण रानमांजर गांगरले. तेवढ्यात म्हाताऱ्याने नातवाला खोल पाण्यात ढकलले आणि रानमांजर हात हलवत परतले.

म्हातारा टिटवीजवळ आला. "माझा नातू तुझ्यामुळे वाचला. हे उपकार मी विसरणार नाही," तो म्हणाला. "पण वाटेत कोणी या तळ्याबद्दल विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही." सगळा थवा घेऊन तो निघून गेला.

टिटवी लंगडत कोल्ह्याकडे गेली. "मी काय कोणाच्या चोचीत कोंबलं?" तो गुरगुरला.

"नाही," टिटवी म्हणाली. "तू खळगा भरलास आणि मी बघत राहिले. आता नाही बघणार!" तिने रानडुकरांना हाक मारली. त्यांनी मुसंड्या मारून खळग्यात माती लोटली, दगड लोटले आणि तो पार बुजवून टाकला. कोल्हा शेपूट पायांत घालून दुसऱ्या जंगलात गेला.

पुढच्या हिवाळ्यात काठ स्वच्छ होता, राखण जागी होती, पण करकोचा एकही आला नाही. आली ती फक्त बदकांची एक टोळी. "खळगा कुठे आहे?"

"बुजवला," टिटवी म्हणाली. "इथं गोड पाणी मिळेल, कंद मिळतील. दुसरं काही मिळणार नाही." बदके चिडून उडाली. टिटवी एकटीच काठावर बसून राहिली. अख्खा आठवडा तिने आभाळाकडे पाहिले नाही.

आणि एका सकाळी आभाळातून कलकलाट ऐकू आला! म्हातारा करकोचा पुढे, नातू त्याच्या शेजारी आणि मागे पिलांसकट शेकडो! टिटवी ताडकन उठली. "आजोबा! खळगा बुजवल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्या बदकांनी!" म्हातारा पाण्यात उतरता उतरता हसत ओरडला. "वाटभर सगळ्यांना सांगत सुटलीत, 'त्या तळ्यावर जाऊ नका, तिथं आता गोड पाण्याशिवाय काहीच मिळत नाही!' ते ऐकलं आणि मी म्हटलं, चला पोरांनो, पंख उचला!"

तात्पर्य : जागा चांगली केली की पाहुणे येतात, पण गावाचे नाव टिकते ते तिथे काय चालू द्यायचे नाही, हे गावाने ठामपणे ठरवल्यावरच.